विश्लेषण : सांडपाण्यातला रंग नाहीसा होतो, म्हणजे नेमका जातो कुठे?

कापड आणि रेशीम रंगवून उरलेले पाणी स्वच्छ करण्यासाठी सध्या दोन पद्धतींवर भरपूर संशोधन सुरू आहे. पहिल्या पद्धतीत कोळशासारखे पदार्थ रंग स्वतःला चिकटवून घेतात. दुसऱ्या पद्धतीत प्रकाशावर काम करणारे उत्प्रेरक रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. ‘९९ टक्के रंग नाहीसा’ असे निष्कर्ष या संशोधनातून वारंवार समोर येतात. मात्र रंग दिसेनासा होणे आणि पाणी स्वच्छ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येवला-मनमाड-मालेगाव या पाणीटंचाईच्या पट्ट्यात हा फरक समजून घेणे गरजेचे आहे.

या प्रश्नाशी मनमाडचा संबंध काय?

पुणे-इंदूर महामार्गावर मनमाडच्या एका बाजूला येवला आहे आणि दुसऱ्या बाजूला मालेगाव. येवला पैठणीचे गाव. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यासाठी लागणारे रेशीम विणण्याआधी रंगवावे लागते. मालेगाव यंत्रमागांचे शहर. तिथले कोरे कापड मोठ्या प्रमाणावर राजस्थानातील पाली आणि बालोत्रा येथे रंगणीसाठी जाते. म्हणजे मालेगावच्या कापडाच्या रंगाचा प्रश्न बऱ्याच अंशी दुसऱ्या राज्यातील नद्यांच्या वाट्याला येतो. पालीतील बांडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला होता.

या दोन गावांच्या मधले मनमाड अनेक वर्षे तीव्र पाणीटंचाईसाठी ओळखले जाते. शहराला वागदर्डी धरणातून पाणी मिळते आणि धरणातला साठा खालावला की पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लागतात. येवल्याचीही भिस्त याच कालव्यावर आहे. नळाला दोन-दोन आठवडे पाणी न येण्याचा अनुभव मनमाडकरांना नवा नाही. करंजवण धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना त्यामुळेच हाती घेण्यात आली.

बारमाही वाहत्या मोठ्या नदीत सांडपाणी निदान पातळ तरी होते. पावसाळा संपताच ओढे-नाले आटणाऱ्या भागात तीही सोय नसते. जे सोडले जाते ते तिथेच साचते किंवा जमिनीत मुरते. अशा ठिकाणी रंगणीचे पाणी पुन्हा वापरता आले, तर प्रदूषण आणि टंचाई या दोन्ही प्रश्नांवर काही प्रमाणात उत्तर मिळते.

पाण्यात रंग उरतोच का?

रंगणीच्या वेळी सगळा रंग धाग्यावर बसत नाही. सुती कापडासाठी वापरले जाणारे ‘रिअॅक्टिव्ह’ रंग धाग्याशी रासायनिक बंध तयार करतात. मात्र त्यांचा काही भाग पाण्याशीच अभिक्रिया करतो आणि धाग्याच्या दृष्टीने वाया जातो. हा वाया गेलेला रंग धुण्याच्या प्रत्येक पाण्याबरोबर बाहेर पडतो. रेशमासाठी प्रामुख्याने ‘अॅसिड’ रंग वापरतात. ते धाग्यावर चांगले बसतात, तरी थोडा अंश पाण्यात राहतोच.

कृत्रिम रंगांचा इतिहास १८५६ पासून सुरू होतो. त्या वर्षी विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला मलेरियावरचे औषध तयार करण्याच्या प्रयत्नात जांभळा रंग हाती लागला. तेव्हापासून रंगांचे रेणू अधिकाधिक टिकाऊ करण्याकडे उद्योगाचा कल राहिला. ऊन, घाम आणि साबण यांना दाद न देणारा रंग ग्राहकाला हवा असतो. सांडपाण्यात मात्र हाच टिकाऊपणा डोकेदुखी ठरतो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातील जिवाणूंना असे रेणू सहजासहजी पचत नाहीत.

थोड्याशा रंगाने काय बिघडते?

पाणी रंगीत झाले की सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही आणि पाण्यातील वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. त्याचा परिणाम विरघळलेल्या प्राणवायूवर आणि पुढे माशांवर होतो. काही अॅझो रंगांचे विघटन झाल्यावर कर्करोगाशी संबंध असलेली अॅरोमॅटिक अमाइन्स तयार होतात. त्यामुळेच भारतात अशा ११२ रंगांच्या हाताळणीवर बंदी आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसले आणि त्यांची छायाचित्रे देशभर पोहोचली. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. तिथे रंग उघड दिसला म्हणून चर्चा झाली. न दिसणाऱ्या घटकांची चर्चा क्वचितच होते.

केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी नवी मानके अधिसूचित केली. त्यानुसार रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके आहे. तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हीच मर्यादा ५ आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १५ पर्यंत मुभा आहे.

अधिशोषण म्हणजे काय?

टॉवेल पाणी शोषून घेतो तेव्हा ते त्याच्या आत शिरते. हे झाले शोषण. फळ्यावर खडूची पूड चिकटते तेव्हा ती फक्त पृष्ठभागावर राहते. हे अधिशोषण. रंगाच्या बाबतीत दुसरी क्रिया उपयोगी पडते. त्यासाठी असा पदार्थ लागतो ज्याचे वजन कमी आणि पृष्ठभाग प्रचंड असेल.

सक्रिय कोळसा हे त्याचे सर्वात परिचित उदाहरण. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रातही तो असतो. नारळाच्या करवंटीसारखा पदार्थ कमी हवेत तापवून त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार केली जातात. अशा १ ग्रॅम कोळशाचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग ५०० ते १,५०० चौरस मीटर भरतो. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते. म्हणजे चिमूटभर कोळशात सात-आठ मैदाने मावतात.

सक्रिय कोळसा महाग पडतो, म्हणून शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवर संशोधकांची नजर आहे. भाताचे तूस, उसाची चिपाडे, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, फळांच्या साली यांपासून रंग धरणारे पदार्थ तयार केल्याचे शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. कांद्याच्या सालीवरही असे प्रयोग झाले आहेत. नाशिक जिल्ह्यात तरी या कच्च्या मालाची वानवा नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण साध्या हिशेबात दिसते. समजा, एका लिटर सांडपाण्यात ५० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे १,००० लिटरमध्ये ५० ग्रॅम. एक ग्रॅम पदार्थ १०० मिलिग्रॅम रंग धरतो असे मानले, तर १,००० लिटरसाठी किमान अर्धा किलो पदार्थ हवा. रोज १०,००० लिटर पाणी असेल, तर रोज ५ किलो आणि महिन्याला १५० किलो. हा आदर्श स्थितीतला हिशेब झाला. खऱ्या सांडपाण्यात साबण, मीठ आणि इतर रसायनेही त्याच जागांसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे पदार्थ जास्त लागतो.

महिन्याअखेरीस पाणी स्वच्छ दिसते, पण रंगाने भरलेला दीड क्विंटलहून जास्त ओला गाळ उरतो. रंगाचा एकही रेणू नष्ट झालेला नसतो. त्याने फक्त जागा बदललेली असते. हा गाळ उघड्यावर टाकला, तर पहिल्या पावसात रंग पुन्हा वाहू लागू शकतो. म्हणून असा गाळ २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनुसार हाताळावा लागतो. कोळसा तापवून पुन्हा वापरता येतो, पण त्यासाठी भट्टी आणि इंधन लागते, शिवाय दर वेळी काही कोळसा जळून जातो.

प्रकाश रंगाचा रेणू कसा तोडतो?

इथे दुसरी पद्धत कामाला येते. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी भिंतीच्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये वापरली जाते. ती अर्धवाहक आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश तिच्यावर पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर उडी घेतो आणि मागे रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन विरघळलेल्या प्राणवायूला मिळतो आणि त्यातूनही क्रियाशील कण तयार होतात.

हायड्रॉक्सिल रॅडिकल अत्यंत आक्रमक असतो. समोर येणाऱ्या जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूवर तो हल्ला करतो. प्रक्रिया पूर्ण झाली, तर रंगाच्या रेणूचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांत होते. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही आणि रंगाने भरलेला गाळही उरत नाही.

या क्षेत्राची सुरुवात जपानमधून झाली. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश यांच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होत असल्याचे दाखवले. याच गुणधर्माच्या आधारे स्वतः स्वच्छ होणाऱ्या काचा आणि फरशा बाजारात आल्या. सांडपाण्याच्या बाबतीत मात्र पन्नास वर्षांनंतरही प्रयोग जास्त आणि मोठे प्रकल्प कमी अशी स्थिती आहे.

ऊन मुबलक असताना अडले कशावर?

उत्प्रेरकाला कोणता प्रकाश चालतो हे त्याच्या ‘बँड गॅप’वर ठरते. इलेक्ट्रॉनला उडी घेण्यासाठी लागणारी ही किमान ऊर्जा. टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रचलित रूपासाठी ती ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. १,२४० ला या आकड्याने भागले की लागणारी तरंगलांबी मिळते : सुमारे ३८८ नॅनोमीटर. हा अतिनील प्रकाश झाला आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. मनमाडचे एप्रिलमधले ऊन कितीही कडक असले, तरी त्यातला बहुतांश भाग या भुकटीच्या कामाचा नाही.

त्यामुळे दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू आहे. ग्राफिटिक कार्बन नायट्राइडचा बँड गॅप सुमारे २.७ आहे, म्हणजे त्याला ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाश चालतो. बिस्मथ व्हॅनेडेटचा सुमारे २.४ आहे. मात्र उडी जितकी लहान, तितकी इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा यांची रासायनिक ताकद कमी होण्याची शक्यता. शिवाय दोघे पुन्हा एकत्र आले की मिळालेली ऊर्जा वाया जाते.

आणखी एक अडचण अगदी साधी आहे. गडद सांडपाण्यात प्रकाश शिरतच नाही. वरचा पातळ थर सोडला, तर टाकीत अंधार असतो. म्हणून ही पद्धत आधी बराच रंग काढून झाल्यावर, शेवटच्या टप्प्यात जास्त उपयोगी ठरते.

पाणी रंगहीन झाले म्हणजे रंग नष्ट झाला का?

नाही. त्याचा पुरावा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच मिळतो. बाटलीत ग्लुकोज, कॉस्टिक सोडा आणि मेथिलीन ब्लू यांचे द्रावण ठेवले, तर थोड्या वेळात त्याचा निळा रंग जातो. बाटली हलवली की हवेतला प्राणवायू द्रावणात मिसळतो आणि निळा रंग परत येतो. रेणू तिथेच असतो, फक्त त्याचे रूप बदलते.

अॅझो रंगांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. त्यांचा रंग नायट्रोजनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी बंधामुळे दिसतो. हा एक बंध तुटला की पाणी पारदर्शक होते. पण उरलेले तुकडे पाण्यातच राहतात आणि काही वेळा ते मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात. ते शोधण्यासाठी सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, किंवा एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. रंग ९९ टक्के गेला आणि कार्बन फक्त ४० टक्के कमी झाला, तर काम अर्ध्यावरच राहिले आहे.

प्रयोगशाळेतला रंग आणि येवल्यातला रंग एकच आहे का?

बहुतेक प्रयोग मेथिलीन ब्लूवर होतात. तो स्वस्त आहे, सहज मिळतो आणि ६६४ नॅनोमीटरला प्रकाश शोषत असल्याने मोजायला सोपा आहे. पण पाण्यात त्याच्या रेणूवर धन प्रभार असतो. रेशमाचे अॅसिड रंग आणि सुताचे रिअॅक्टिव्ह रंग ऋण प्रभाराचे असतात. वनस्पतिजन्य टाकाऊ पदार्थांचा पृष्ठभाग सर्वसाधारणपणे ऋण प्रभाराचा असतो. त्यामुळे मेथिलीन ब्लूला घट्ट धरणारी साल पैठणीच्या रंगाला दूर ढकलू शकते.

यावर उपाय आहे. पाणी आम्लधर्मी केले, की अनेक पदार्थांचा पृष्ठभाग धन प्रभाराकडे झुकतो आणि ऋण रंग त्याला चिकटू लागतात. रेशीम रंगवताना आम्ल वापरतातच. म्हणजे येवल्यासारख्या ठिकाणी ही अनुकूलता आपोआप मिळू शकते. मात्र ते खऱ्या सांडपाण्यावरच तपासावे लागेल.

दोन्ही पद्धती एकत्र का आणल्या जातात?

हायड्रॉक्सिल रॅडिकलचे आयुष्य इतके कमी असते की तो उत्प्रेरकाच्या पृष्ठभागापासून फार दूर जाऊ शकत नाही. रंगाचा रेणूच त्याच्याजवळ आणावा लागतो. कोळशावर टायटॅनियम डायऑक्साइडचे कण बसवले, तर कोळसा पाण्यातला रंग ओढून आणतो आणि शेजारचा उत्प्रेरक तो तोडतो. रिकामी झालेली जागा पुन्हा रंग धरायला मोकळी होते. कोळशाच्या गाळाचा प्रश्न कमी होतो आणि उत्प्रेरकाला भक्ष्य जागेवर मिळते.

प्रमाण मात्र सांभाळावे लागते. कोळसा जास्त झाला, तर तोच प्रकाश अडवतो. वापरानंतर बारीक भुकटी पाण्यातून परत मिळवणे हेही अवघड काम आहे. त्यासाठी लोहयुक्त चुंबकीय कण मिसळणे किंवा उत्प्रेरक काचेवर, फरशीवर बसवणे असे पर्याय तपासले जात आहेत. काचेवर बसवलेला उत्प्रेरक हरवत नाही, पण पाण्याशी त्याचा संपर्क कमी होतो.

मिठाचे काय?

सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग चढवताना लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ टाकावे लागते. अधिशोषण आणि प्रकाश या दोन्ही पद्धती हे मीठ काढत नाहीत. उलट पाण्यातील क्लोराइड आणि कार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतात. रंग गेलेले खारट पाणी शेताला दिले, तर जमीन खराब होते.

तमिळनाडूतील तिरुपूरला हा धडा महागात पडला. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथले रंगणी कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवन यंत्रे लावून सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर न सोडण्याच्या अटीवर कारखाने सुरू झाले. पाणी आणि मीठ दोन्ही परत मिळते, पण यंत्रणा महाग आणि वीज खाणारी आहे. चार-दोन भांड्यांवर रेशीम रंगवणाऱ्या व्यावसायिकाला ती एकट्याने परवडणारी नाही.

छोट्या रंगणीसाठी व्यवहार्य मार्ग कोणता?

सगळे सांडपाणी एकाच नाल्यात मिसळू न देणे ही पहिली पायरी. मुख्य भांड्यातले पाणी गडद आणि रसायनांनी भरलेले असते, पण थोडे असते. नंतरच्या धुण्याचे पाणी फिकट आणि कमी खारट असते, पण एकूण पाण्यात त्याचा वाटा मोठा असतो. पहिले पाणी वेगळे साठवून सामाईक केंद्राकडे द्यावे लागेल. दुसरे पाणी अधिशोषण आणि प्रकाश यांच्या आवाक्यातले आहे. त्यात प्रकाश शिरतो, रंग कमी असतो आणि स्वच्छ झाल्यावर ते पुढच्या धुण्यासाठी वापरता येण्याची शक्यता असते. पिण्याच्या पाण्याचा दर्जा तिथे गरजेचा नसतो.

‘९९ टक्के’चा दावा वाचताना काय पाहावे?

• प्रयोग खऱ्या सांडपाण्यावर झाला, की शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या एकाच रंगावर?

• दिवा लावण्याआधी मिश्रण अंधारात ठेवून किती रंग नुसता चिकटला ते मोजले का? नाही तर अधिशोषणाचे श्रेय प्रकाशाला जाते.

• फक्त रंग मोजला, की सीओडी आणि सेंद्रिय कार्बनही?

• तोच पदार्थ पाचव्या, दहाव्या वेळी कितपत काम करतो?

• प्रकाश उन्हाचा होता की विजेच्या दिव्याचा? दिव्याचा असेल, तर विजेचा खर्च किती?

• वापरून झालेल्या पदार्थाचे पुढे काय करायचे?

या सहा प्रश्नांची उत्तरे देणारे प्रयोग महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही करता येतात, कारण त्यांसाठी फार महागडी उपकरणे लागत नाहीत. सीओडीची चाचणी रसायनशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या आवाक्यातली आहे, ऊन फुकट आहे आणि खऱ्या रंगणीचे पाणी मनमाडहून तासाभराच्या अंतरावर मिळते. मेथिलीन ब्लूच्या बाटलीऐवजी येवल्याच्या रंगणीतल्या धुण्याच्या पाण्याचा एक कॅन प्रयोगशाळेत आणला, तर येणारा आकडा कदाचित ९९ पेक्षा बराच कमी असेल. पण आवर्तनाची वाट पाहणाऱ्या या भागात किती पाणी खरोखर वाचू शकते, हे त्या आकड्यावरूनच कळेल.